संगणकावर ब्लू-रे चित्रपट बघायचाय? सॉफ्टवेअर निवडण्याआधी आणि निवडताना

ब्लू-रे डिस्क ट्रेमध्ये ठेवली, ट्रे आत गेली, डिस्क फिरल्याचा आवाजही आला, पण स्क्रीनवर चित्रपटाऐवजी चार-पाच फोल्डर असलेली खिडकी उघडली. नव्याने या वाटेला येणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. यात डिस्क खराब नसते आणि ड्राइव्हही बिघडलेला नसतो. ब्लू-रे चित्रपट चालवणारा प्लेयर विंडोजने कधीच सोबत दिला नाही. विंडोज ८ पासून तर साधी डीव्हीडी चालवण्याची सोयही मूळ विंडोजमधून गेली. मॅकमध्ये डीव्हीडीपुरता ॲपलचा स्वतःचा प्लेयर आहे, ब्लू-रेसाठी मात्र काही नाही. म्हणजे सॉफ्टवेअर बाहेरून आणावंच लागतं.

पण ते आणण्याची घाई करू नका. पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर चालेना म्हणून वैतागलेल्या लोकांची अडचण बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसते. ती जुन्या मॉनिटरमध्ये असते, केबलमध्ये असते, नाहीतर डिस्कच्या प्रकारात असते. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. पहिल्या चार पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही आणि पाचवीत काय घ्यायचं ते बरंचसं आपोआप ठरतं.

पायरी १ : डिस्कवर नेमकं काय आहे ते बघा

फाइल एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘ओपन’ करा. ‘बीडीएमव्ही’ नावाचं फोल्डर दिसलं तर डिस्क ब्लू-रे मांडणीची आहे. त्याच्या आत ‘स्ट्रीम’ फोल्डरमध्ये चित्रपटाच्या ‘एमटूटीएस’ फाइल असतात आणि ‘प्लेलिस्ट’ फोल्डरमध्ये त्या कोणत्या क्रमाने चालवायच्या याच्या याद्या असतात. आता बीडीएमव्हीच्या शेजारी बघा. तिथे ‘एएसीएस’ नावाचं आणखी एक फोल्डर आहे का?

ते असेल तर डिस्कला कुलूप आहे. चित्रपट कंपन्यांच्या जवळजवळ सगळ्या विकतच्या डिस्कवर ते असतं. ते नसेल, म्हणजे डिस्क कॅमेऱ्यातून, लग्नाच्या चित्रीकरणातून किंवा घरच्या बर्नरवर तयार झालेली असेल, तर तुमचं काम सोपं आहे. पायरी ५ मधलं फुकटचं सॉफ्टवेअर पुरेल.

एएसीएसचं काम थोडक्यात असं चालतं. डिस्कवरचा चित्रपट सांकेतिक रूपात असतो आणि तो उलगडण्याची किल्ली परवानाधारक प्लेयरलाच मिळते. प्रत्येक नव्या डिस्कवर ‘मीडिया की ब्लॉक’ नावाची एक नोंद असते. कोणत्या प्लेयरच्या किल्ल्या अजून चालतात आणि कोणत्या रद्द झाल्या, ते तिच्यावरून ठरतं. एखाद्या प्लेयरची किल्ली गुपित न राहता बाहेर फुटली की त्यापुढच्या डिस्कवर ती चालत नाही. २००७ मध्ये विनडीव्हीडी या प्लेयरच्या बाबतीत हेच घडलं होतं. नवी आवृत्ती न घेतलेल्यांना त्यानंतरच्या डिस्क चालेनाशा झाल्या.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे ड्राइव्हसुद्धा यात सामील असतो. नवी डिस्क टाकली की रद्द झालेल्या प्लेयर-प्रमाणपत्रांची ताजी यादी ड्राइव्ह स्वतःच्या स्मृतीत साठवून ठेवतो. त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरवर कालपर्यंत चालणारी जुनी डिस्कही एखादी नवी डिस्क लावून झाल्यावर चालेनाशी होऊ शकते. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं तरी उपयोग होत नाही, कारण नोंद ड्राइव्हमध्ये बसलेली असते. कुलूपबंद डिस्कसाठी घेतलेलं सॉफ्टवेअर अद्ययावत होत राहणं किती गरजेचं आहे, ते यावरून ध्यानात येईल.

डिस्कचा प्रकारही पाहून ठेवा. साध्या ब्लू-रेवर एका थरात २५ आणि दोन थरांत ५० जीबी मावतात. चित्र १०८० ओळींचं असतं. ‘अल्ट्रा एचडी’ किंवा ‘४के’ लिहिलेल्या डिस्क ६६ किंवा १०० जीबीपर्यंत जातात आणि त्यांचं कुलूपही वेगळं, जास्त कडक आहे. त्यांच्यासाठी पुढे स्वतंत्र भाग आहे, कारण संगणकावर त्या चालवणं हे फारच अवघड प्रकरण आहे. जुन्या संग्रहात ब्लू-रेची एकेकाळची प्रतिस्पर्धी ‘एचडी डीव्हीडी’ निघाली, तर तिचा मार्ग जवळजवळ बंद आहे. तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये तो प्रकार थांबवला. नेहमीचा ब्लू-रे ड्राइव्ह ती वाचत नाही. दोन्ही वाचणारे मोजके ड्राइव्ह निघाले होते, तेवढेच कामाचे.

पायरी २ : ड्राइव्ह खरंच ब्लू-रेचा आहे ना?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारायलाच हवा. डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा, लाल. ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा, जांभळट निळा. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ब्लू-रे टाकली तर ड्राइव्ह काही वेळ खरखरतो आणि ‘डिस्क टाका’ असं सांगतो. कोणतंही सॉफ्टवेअर यावर उपाय करू शकत नाही.

ट्रेच्या दर्शनी पट्टीवर ब्लू-रेचं चिन्ह शोधा. नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हचं नाव वाचा. त्यात ‘बीडी’ ही अक्षरं हवीत. ‘बीडी-रॉम’ किंवा ‘बीडी कॉम्बो’ म्हणजे ब्लू-रे वाचतो, पण लिहितो फक्त सीडी-डीव्हीडी. ‘बीडी-आरई’ म्हणजे ब्लू-रे लिहितोही. चित्रपट बघण्यापुरतं दोन्ही सारखंच.

यूएसबीवर चालणारा बाहेरचा पातळ ड्राइव्ह असेल तर विजेकडे लक्ष द्या. यूएसबी २ चं पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर देतं आणि यूएसबी ३ चं ९००. डिस्क वेग घेताना ड्राइव्हला झटक्याने जास्त वीज लागते. ती पुरली नाही की ‘टक्-टक्’ असा आवाज येतो, डिस्क थांबते, पुन्हा फिरू लागते आणि ड्राइव्ह यादीतून मधूनच गायब होतो. अशा वेळी ड्राइव्ह हबमधून काढून थेट संगणकाच्या पोर्टला लावा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागचं वापरा. ड्राइव्हसोबत दोन टोकांची यूएसबी केबल आली असेल तर दोन्ही टोकं लावा, दुसरं टोक फक्त विजेसाठीच असतं. वेगाची चिंता नको. ब्लू-रे चित्रपटाला जास्तीत जास्त ५४ मेगाबिट प्रतिसेकंद लागतात आणि यूएसबी २ त्याच्या कितीतरी पुढे आहे.

पायरी ३ : संगणकाची ताकद

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. साध्या ब्लू-रेवरचं चित्र एमपेग-२, व्हीसी-१ किंवा एच.२६४ या तीनपैकी एका पद्धतीने बसवलेलं असतं आणि गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळजवळ कोणत्याही ग्राफिक्स चिपमध्ये या पद्धती उलगडण्याची सोय असते. फक्त प्लेयरच्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ चालू आहे ना, ते बघा. चित्रपट चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर ७०-८० टक्क्यांवर असेल आणि ग्राफिक्सच्या रकान्यात ‘व्हिडिओ डिकोड’ शून्यावर असेल, तर सगळा भार प्रोसेसरवर पडतोय असं समजा. ग्राफिक्स ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घ्या. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

पायरी ४ : स्क्रीन आणि केबल

परवानाधारक प्लेयर सुरू होतो, कंपनीचं चिन्ह येतं आणि मग काळी स्क्रीन व एक चूक-संदेश दिसतो. याचं सर्वांत नेहमीचं कारण एचडीसीपी. ग्राफिक्स कार्डापासून मॉनिटरपर्यंत चित्र सांकेतिक रूपात जावं अशी ती अट आहे. ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर आणि मधलं प्रत्येक उपकरण, सगळ्यांना एचडीसीपी कळावं लागतं. एकाला जरी कळलं नाही तरी चित्र अडतं.

तपासणी अशी करा. व्हीजीएची निळी केबल असेल तर ती बदलून एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट लावा. व्हीजीएमधून एचडीसीपी जाऊच शकत नाही. डीव्हीआय चालतं, पण मॉनिटर जुना असेल तर त्याच्या माहितीपत्रकात एचडीसीपीचा उल्लेख आहे का ते बघा. एचडीएमआय स्प्लिटर, स्विच किंवा कन्व्हर्टर मध्ये असेल तर तो काढून थेट जोडणी करा. दोन मॉनिटरवर एकच चित्र दाखवत असाल तर दुसरा बंद करा, कारण अट दोघांनाही लागू होते. यूएसबीवरून मॉनिटर चालवणारे डॉक या बाबतीत फार त्रास देतात. तसंच स्क्रीन रेकॉर्ड करणारं किंवा दुरून संगणक चालवण्याचं सॉफ्टवेअर पार्श्वभूमीत चालू असेल तर प्लेयर त्याला चोर समजून चित्रपट थांबवतो. आधी ते पूर्ण बंद करा.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात तिथे आणखी एक गोम आहे. एचडीएमआयचं पोर्ट एका चिपला जोडलेलं असतं आणि विंडोज प्लेयर दुसऱ्या चिपवर चालवतं. ‘सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स’ इथे जाऊन प्लेयरला एक चिप नेमून द्या. एका चिपवर चालेना तर दुसरी निवडून बघा.

पायरी ५ : आता सॉफ्टवेअर

कुलूप नसलेली डिस्क असेल तर व्हीएलसी घ्या. ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि त्याला कसलाही परवाना लागत नाही. व्हीएलसी उघडून कंट्रोल आणि डी एकदम दाबा, वरच्या निवडींमध्ये ‘ब्लू-रे’ वर खूण करा, ड्राइव्ह निवडा आणि ‘प्ले’ दाबा. ‘नो डिस्क मेनू’ ही खूण सुरुवातीला चालूच ठेवा. डिस्कचे मेनू हवे असतील तर लक्षात असू द्या की पुष्कळ डिस्कचे मेनू जावा भाषेत लिहिलेले असतात आणि त्यासाठी संगणकात जावा असावं लागतं. व्हीएलसी ६४ बिटचं आणि जावा ३२ बिटचं असेल तर मेनू उघडत नाहीत. दोन्ही एकाच बिटचे हवेत. ज्यांना बटणं आणि खिडक्या नको, फक्त स्वच्छ चित्र हवं, त्यांना एमपीव्ही आवडेल. टीव्हीला संगणक जोडून रिमोटने सगळा संग्रह चालवायचा असेल तर ‘कोडी’ हे सॉफ्टवेअर बघा.

कुलूपबंद डिस्क व्हीएलसीला दिली तर ते एएसीएसबद्दल तक्रार करून थांबतं. किल्ल्या त्याच्यासोबत येत नाहीत. बाहेरून किल्ल्यांची फाइल आणून बसवण्याच्या युक्त्या सगळीकडे सांगितल्या जातात, पण कुलूप असं चुकवणं अनेक देशांत कायद्याने मना आहे, स्वतः विकत घेतलेल्या डिस्कसाठीसुद्धा. आपल्याकडचा कायदा वाचल्याशिवाय त्या फंदात पडू नका. शिवाय नव्या डिस्कची किल्ली त्या फाइलमध्ये असेलच याचा भरवसा नसतो. म्हणजे आज लावलेली खटपट पुढच्या डिस्कला पुन्हा करावी लागते.

तेव्हा विकतच्या डिस्क नियमित बघणार असाल तर परवानाधारक प्लेयर घ्यावा हेच आमचं स्पष्ट मत. विंडोजवर सायबरलिंकचं पॉवरडीव्हीडी आणि कोरेलचं विनडीव्हीडी प्रो ही त्यातली जुनी, ओळखीची नावं. आर्कसॉफ्टचं टोटलमीडिया थिएटर एकेकाळी याच रांगेत होतं. ते बंद पडून बरीच वर्षं झाली, तरी त्याच्या जुन्या प्रती अजून फिरत असतात. वर किल्ल्यांबद्दल जे सांगितलं त्यामुळे अशी प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नका.

घेण्याआधी पुढच्या गोष्टी कंपनीच्या पानावर वाचून घ्या, दुकानदाराच्या वर्णनावर विसंबू नका.

आवृत्तीचं नाव नीट बघा. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन-तीन आवृत्त्या असतात आणि सर्वांत स्वस्त आवृत्ती बहुधा फक्त डीव्हीडी चालवते. पॉवरडीव्हीडीच्या ‘स्टँडर्ड’ मध्ये ब्लू-रे नाही. विनडीव्हीडीतही ब्लू-रेसाठी ‘प्रो’ च लागतं. वैशिष्ट्यांच्या तक्त्यात ‘ब्लू-रे डिस्क प्लेबॅक’ अशा ओळीसमोर तुमच्या आवृत्तीच्या रकान्यात खूण आहे ना, ते बघा. ‘ब्लू-रे फोल्डर’ किंवा ‘एमटूटीएस फाइल’ चालवतं असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ वेगळा होतो. तिथे कुलूपबंद डिस्कची हमी नसते.

शेवटचा अपडेट कधी आला ते शोधा. ही सर्वांत महत्त्वाची तपासणी आहे. सॉफ्टवेअर दिसायला कितीही देखणं असो, वर्ष-दोन वर्षांत त्याला अपडेट आला नसेल तर पुढच्या डिस्कसाठी ते भरवशाचं नाही. एकदाच पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीला किल्ल्यांचे अपडेट किती काळ मिळणार, हेही विचारून घ्या. वर्षाला दोन-चारच डिस्क बघणाऱ्याला ठरावीक काळाने पैसे भरत राहायची वर्गणी परवडत नाही, पण जुनी आवृत्ती मध्येच थांबली तर एकदाच भरलेले पैसेही वाया जातात. महिन्याला चार-पाच नव्या डिस्क आणणाऱ्याने वर्गणीचा विचार करायला हरकत नाही.

चाचणी आवृत्ती असेल तर तिच्यावर तुमचीच डिस्क लावून बघा, तीही अलीकडे निघालेली. मात्र काही चाचणी आवृत्त्यांमध्ये ब्लू-रेचाच भाग बंद ठेवलेला असतो, त्यामुळे डिस्क चालली नाही तर लगेच संगणकाला दोष देऊ नका. संगणक, ड्राइव्ह, केबल तपासून कुठे अडेल ते दाखवणारं छोटं फुकट साधन सायबरलिंक देते. पॉवरडीव्हीडी घ्या वा न घ्या, ते चालवून बघणं फायद्याचं. एचडीसीपीसमोर लाल खूण आली तर आधी पायरी ४ कडे परत जा.

ड्राइव्हच्या खोक्यात आलेली सॉफ्टवेअरची सीडी टाकून देऊ नका, पण तिच्यावर फार आशाही ठेवू नका. ती त्या ड्राइव्हपुरती बांधलेली असते, काही वेळा आवाज दोनच स्पीकरपुरता देते आणि तिला मिळणारे अपडेट लवकर थांबतात. तरी आधी तीच टाकून बघा. तुमच्या दोन-तीन डिस्क तिच्यावर चालल्या तर काही दिवस खर्च वाचला.

मॅकवाल्यांसाठी पॉवरडीव्हीडी आणि विनडीव्हीडी हे मोठ्या कंपन्यांचे दोन्ही परवानाधारक प्लेयर नाहीत. काही छोट्या कंपन्या मॅकसाठी ब्लू-रे प्लेयर देतात, लिओ आणि मॅकगो ही त्यातली नावं. इथे चाचणी आवृत्तीवर स्वतःची डिस्क चालवून बघितल्याशिवाय पैसे भरूच नका. डिस्क उलगडायला ते इंटरनेटवर अवलंबून आहेत का, तेही इंटरनेट बंद करून एकदा तपासा. लिनक्सवर कुलूप नसलेल्या डिस्क व्हीएलसी, एमपीव्ही आणि कोडी उत्तम चालवतात.

पायरी ६ : पहिल्यांदा चालवताना

सॉफ्टवेअर बसवल्यावर लगेच त्याचा अपडेट तपासा आणि पहिली डिस्क इंटरनेट चालू ठेवूनच लावा. नव्या किल्ल्या तेव्हाच उतरतात. डिस्क वाचायला अर्धा-एक मिनिट लागू शकतं. जावाचे मेनू जड असतात. तेवढा वेळ ट्रे उघडू नका.

मग प्रदेश, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेयरवर चालेल याचं बंधन. ब्लू-रेचे ए, बी आणि सी असे तीन विभाग आहेत. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया ए मध्ये; युरोप, आफ्रिका, पश्चिम आशिया, ऑस्ट्रेलिया बी मध्ये; भारत, चीन, रशिया सी मध्ये. डीव्हीडीचा प्रदेश ड्राइव्ह स्वतः तपासतो आणि तो पाच वेळाच बदलता येतो. ब्लू-रेचा प्रदेश मात्र सॉफ्टवेअर तपासतं. तेही हा बदल मोजक्या वेळाच करू देतं, म्हणून एका डिस्कसाठी उगाच बदलू नका. पुष्कळ डिस्कवर प्रदेशाचं बंधन नसतंच, खोक्याच्या पाठीवरच्या चिन्हावरून ते कळतं.

यानंतर ज्या सेटिंगकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं ते म्हणजे रिफ्रेश रेट. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, काटेकोर सांगायचं तर बहुतेक डिस्कवर २३.९७६. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवतो. चोवीसला साठात सारखं वाटता येत नाही, म्हणून एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते. बोलणाऱ्या माणसांच्या दृश्यात हे जाणवत नाही. पण कॅमेरा संथपणे एखाद्या इमारतीवरून किंवा डोंगररांगेवरून सरकू लागला की कडा हलकेच अडखळत पुढे जातात. यावर उपाय म्हणजे ‘सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ मध्ये रिफ्रेश रेट २३.९७६ किंवा २४ हर्ट्झ करा. टीव्हीवर हा पर्याय बहुधा असतो. मॉनिटरवर नसेल पण १२० किंवा १४४ हर्ट्झ असेल तर तो निवडा, दोन्हींना चोवीसने नीट भाग जातो. काही प्लेयर चित्रपट सुरू होताना हा बदल स्वतःच करतात. ती सोय असेल तर चालू ठेवा. चित्रपट संपल्यावर माऊस अडखळायला लागला तर घाबरू नका, रेट अजून चोवीसवरच राहिलेला असतो.

काळा रंग राखाडी दिसतोय किंवा अंधारातले बारकावे गडप झालेत? चित्रपटात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा १६ ते २३५ या आकड्यांत बसवलेल्या असतात, तर संगणक ० ते २५५ वापरतो. ग्राफिक्स कार्ड मर्यादित पट्टा पाठवत असेल आणि स्क्रीन पूर्ण पट्टा धरत असेल तर काळा फिका पडतो. उलट असेल तर अंधार एकसंध काळा होतो. ग्राफिक्स कार्डाच्या नियंत्रण पानावर ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ आणि टीव्हीवर ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ अशा नावाची सेटिंग असते. दोन्ही बाजूंना एकच पट्टा ठेवा.

आवाजाचं सेटिंग तुमच्या स्पीकरवर अवलंबून आहे. लॅपटॉपचे स्पीकर किंवा हेडफोन असतील तर प्लेयरमध्ये ‘स्टिरिओ’ किंवा ‘हेडफोन’ निवडा, नाहीतर मधल्या स्पीकरसाठी असलेले संवाद दबके येतात आणि स्फोट तेवढे दणदणतात. एचडीएमआयने ॲम्प्लिफायर जोडलेला असेल तर ‘पासथ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ निवडा, म्हणजे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ जसेच्या तसे पुढे जातात. विंडोजच्या आवाजाच्या गुणधर्मांत ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ च्या दोन्ही खुणा चालू असाव्यात. ऑप्टिकल केबलमधून हे मोठे प्रकार जात नाहीत, त्यांतला मूळ डीटीएस किंवा डॉल्बी डिजिटलचा गाभाच जातो. ऐकायला तोही चांगलाच असतो, पण ॲम्प्लिफायरवर ट्रूएचडीचा दिवा का लागत नाही म्हणून रात्रभर सेटिंग उलटसुलट करत बसू नका.

सबटायटलचा फॉन्ट बदलता येत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ब्लू-रेवरची सबटायटल ही अक्षरं नसून चित्रं असतात. त्यामुळे फार तर जागा किंवा आकार बदलता येतो, तोही काही प्लेयरमध्येच.

अल्ट्रा एचडी डिस्कचं काय?

संगणकावर अल्ट्रा एचडी ब्लू-रे अधिकृतपणे चालवता येऊ लागली ती २०१७ मध्ये, पॉवरडीव्हीडी १७ मधून. पण अटींची यादी मोठी होती. अल्ट्रा एचडीची अधिकृत मान्यता असलेला ड्राइव्ह, एचडीसीपी २.२ सांभाळणारी स्क्रीन आणि पोर्ट, आणि इंटेलचा असा प्रोसेसर व मदरबोर्ड, ज्यांत एसजीएक्स नावाची सुरक्षित कप्प्याची सोय आहे. या डिस्कसाठी चालेल अशी ही सोय सातव्या ते दहाव्या पिढीच्या कोर प्रोसेसरांत मिळते. अकराव्या पिढीपासून इंटेलने घरगुती प्रोसेसरांतून एसजीएक्स काढून टाकलं. एएमडीच्या प्रोसेसरांत ते कधी नव्हतंच. याचा अर्थ नवा, महागडा संगणक या डिस्क अधिकृत मार्गाने चालवू शकत नाही आणि जुना, मध्यम संगणक चालवू शकतो. दुकानात कुणी ‘नवीन आहे, सगळं चालेल’ म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

तुमच्याकडे योग्य पिढीचा इंटेल प्रोसेसर असलाच तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, एसजीएक्स चालू करा, मॉनिटरची केबल वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला न लावता मदरबोर्डच्या पोर्टला लावा आणि मगच पुढे जा. नसेल तर निव्वळ या डिस्कसाठी संगणकावर खर्च करू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. टीव्हीला जोडायचा स्वतंत्र अल्ट्रा एचडी प्लेयर घ्यावा. डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरिज एक्स घरात असेल तर तोही या डिस्क चालवतो. प्लेस्टेशन ४ प्रो मात्र चालवत नाही. आणि डिस्कचं खोकं एकदा उघडून बघा. पुष्कळ अल्ट्रा एचडी संचांत तोच चित्रपट साध्या ब्लू-रेवरही दिलेला असतो. संगणकावर ती लावा. या डिस्कना प्रदेशाचं बंधन नसतं, ही त्यातल्या त्यात सोयीची बाजू.

चालता चालता अडलं तर

जुन्या डिस्क चालतात, नवीच तेवढी चालत नाही : किल्ल्या जुन्या झाल्या आहेत. सॉफ्टवेअर अपडेट करा. अपडेट येणंच थांबलं असेल तर दुसरं सॉफ्टवेअर घेण्यावाचून इलाज नाही.

व्हीएलसीत सर्वांत मोठी फाइल उघडली आणि चित्रपट मध्येच संपला : काही चित्रपट अनेक तुकड्यांत साठवलेले असतात आणि प्लेलिस्ट ते जोडते. एकेक फाइल न उघडता पूर्ण डिस्क उघडा.

घरी बनवलेल्या डिस्कवर सुमारे वीस मिनिटांनी आवाज बंद होतो : मूळ ध्वनीत सिनाव्हिया नावाची ऐकू न येणारी खूण असते आणि परवानाधारक प्लेयर ती ओळखतात. चित्रीकरणात एखाद्या विकतच्या चित्रपटाचा आवाज वापरलेला आहे का ते तपासा.

ठरावीक ठिकाणी चित्र चौकोन-चौकोन होऊन थिजतं : डिस्क बघा. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खोल असतो, ब्लू-रेत फक्त ०.१ मिलिमीटर. वर कडक लेप असल्याने ओरखडे सहसा पडत नाहीत, पण बोटाचा तेलकट ठसा पुरेसा होतो. डिस्क उजेडात तिरकी धरा, ठसा इंद्रधनुषी डागासारखा दिसतो. चष्मा पुसायचं मऊ कापड किंचित ओलं करून मधल्या भोकापासून काठाकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवू नका. गोल पुसताना कण अडकला तर ओरखडा माहितीच्या रेषेच्या दिशेनेच पडतो आणि तो ड्राइव्हला भरून काढता येत नाही. पुसल्यावर पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबा. पुसूनही डिस्क त्याच मिनिटाला अडत असेल तर ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. तिथेही तिथेच अडली तर डिस्क बदलून मागा, आणि मागताना अडण्याची नेमकी वेळ तास-मिनिटांत लिहून द्या.